रकाना कोरा ठेवायचा नाही

बंगळुरूच्या हवेला नावं ठेवणं अवघड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचं हे शहर. इथे नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान ३९.२ अंश सेल्सिअस, २४ एप्रिल २०१६ चं. सर्वांत कमी ७.८ अंश, १३ जानेवारी १८८४ चं. सव्वाशेहून अधिक वर्षांचा सगळा चढउतार साडेएकतीस अंशांच्या आत मावतो. नागपूर एवढा पल्ला एका वर्षात ओलांडतं. पावसाचंही तेच. वर्षाची सरासरी साधारण ९८० मिलिमीटर. तिकडे महाबळेश्वर पाच हजारांच्या वर जातं. सुट्टीत आलेले नातेवाईक पहिल्या दिवशी ‘काय मस्त हवा आहे हो तुमच्याकडे’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी हा विषय संपलेला असतो.

मुलांना गणित शिकवायला अशीच हवा लागते, असं माझं मत आहे. जिथे हवा अंगावर येते तिथे ती मोजायची कुणाला गरज वाटत नाही. आषाढात कोकणातल्या पोराला ‘काल पाऊस किती पडला रे’ विचारलंत, तर ते तुमच्या तोंडाकडे बघत राहील. चंद्रपूरचा मे महिना कळायला थर्मामीटर लागत नाही. बंगळुरूत मात्र काल आणि आज यांतला फरक अंगाला समजत नाही, तो आकड्यातच दिसतो. काल २७.४, आज २८.१. आजीला विचारलं तर ती ‘कालच्यासारखंच तर आहे’ म्हणते, आणि पाऱ्याने वेगळं सांगितलेलं असतं. मुलांना गणित नकोसं होतं त्याची कारणं पुष्कळ सांगतात. मला दिसलेलं मोठं कारण हे, की त्यांच्या पुढ्यात येणाऱ्या आकड्यांची त्यांना कधीच गरज पडलेली नसते. रामूने बारा आंबे घेतले काय नि पंधरा घेतले काय, उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर आहेच. आज सकाळी गच्चीवरच्या बाटलीत किती पाणी होतं, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे सापडत नाही.

पुढची पानं म्हणजे असे रोजचे आकडे टिपायची एक वही आहे. ती इथल्या रविवारच्या मराठी वर्गांत येणाऱ्या मुलांसाठी केलेली आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि खालच्या दुकानात कन्नड अशी ही मुलं. सकाळी एकदा बघायचं, रकाने भरायचे, आठवड्याला एकदा त्या रकान्यांशी काहीतरी करायचं, एवढंच तिचं स्वरूप. प्रस्तावना इतकी लांबवायचं कारण वहीत रकाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामागचं ‘का’ फारसं नाही. ते मुलांना सांगायचं काम मोठ्यांचं, म्हणून हे मोठ्यांसाठी.

हवेच्या नोंदी ठेवायची ही गोष्ट मराठीत नवी नाही. केरूनाना छत्रे यांना आपण गणिती आणि ज्योतिषी म्हणून ओळखतो. टिळक त्यांचे विद्यार्थी, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ. त्यांची नोकरी सुरू झाली ती मात्र मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, १८४० च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी. काम काय, तर चुंबकत्वाची आणि हवामानाची निरीक्षणं घ्यायची आणि लिहून ठेवायची. हे त्यांनी जवळजवळ दहा वर्षं केलं. मग पुण्याला गेले, प्राध्यापक झाले, आणि मराठी शाळांसाठी अंकगणिताची नि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली. त्यांचे गुरू बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ काढणारे आणि मराठीत कलनगणितावर पुस्तक लिहिणारे. त्यांचाही कुलाबा वेधशाळेशी संबंध होता. म्हणजे ज्या माणसाच्या पुस्तकावरून महाराष्ट्रातली पोरं हिशेब शिकली, तो आधी दशकभर पारा आणि वारा यांच्या नोंदी करत बसलेला होता. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी नोंद, मग गणित. आपण मुलांना नेमकं उलटं शिकवतो: आठवीत ‘सांख्यिकी’ येते, आणि तोवर मुलाने स्वतःच्या हाताने एकही आकडा गोळा केलेला नसतो.

आता पाऊस मोजायच्या बाटलीकडे येतो, कारण सगळा खेळ तिथे आहे.

सरकारी पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं. त्यामुळे एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर २० मिलिलिटर पाणी. घरी आपण सरबताची किंवा कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतो, वरचा निमुळता भाग कापतो आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवतो. बूड खडबडीत असतं म्हणून तळाशी थोडं पाणी घालायचं आणि जिथे बाटली सरळ होते तिथे शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं. यात तोंड आणि पोट एकाच मापाचं असल्यामुळे पट्टीवर दिसेल तोच पाऊस.

एका वर्गात असं झालं, की एका मुलीने स्वयंपाकघरातलं तेलाचं मोठं नरसाळं आणलं आणि ते सरळ उभ्या अरुंद बरणीवर बसवलं. नरसाळ्याचं तोंड बारा सेंटिमीटर रुंद, बरणी सहा सेंटिमीटर. रात्री पाऊस झाला. सगळ्यांच्या बाटल्यांत पाच मिलिमीटर, हिच्या बरणीत वीस. मुलं म्हणाली, हिचं चुकलं. ती म्हणाली, चुकलं नाही, माझं नरसाळं दुप्पट आहे. ‘मग दहा यायला पाहिजे होते,’ समोरून आलं. इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवणं फार महत्त्वाचं असतं, आणि ते शिक्षकाला फार जड जातं. त्या दिवशी वर्गाच्या ताईंनी ठेवलं. मुलांनी आलेख-कागदावर नरसाळं पालथं घालून एक वर्तुळ काढलं, बरणी ठेवून दुसरं, आणि आतले चौकोन मोजले. अर्धवट चौकोनांवरून भांडणं झाली. शेवटी मोठ्यात एकशे तेराच्या आसपास, लहानात अठ्ठावीसच्या आसपास. कुणीतरी भागून बघितलं. चार. रुंदी दुप्पट केली तर पाणी चौपट, आणि विसाला चाराने भागलं की पाच. त्यांच्यातलं कुणीही तोवर ‘पाय’ हे अक्षर ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकायची गरजही पडली नाही. क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे सूत्र दोन वर्षांनी त्यांना शाळेत भेटेल तेव्हा ती ओळखीची भेट असेल.

वेळेचा नियम वहीत पक्का ठेवला आहे: सकाळी साडेआठ. देशभरात पावसाचं माप तेव्हाच घेतात. ग्रिनिचच्या घड्याळात त्या वेळी पहाटेचे तीन वाजलेले असतात, हा साडेपाच तासांचा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा. शाळेची बस सातला येते ही बंगळुरूची अडचण आहेच. ज्यांना साडेआठ जमत नाही त्यांनी साडेसहा धरावेत, पण मग रोज साडेसहाच. आज साडेसहा, उद्या नऊ, परवा दुपारी, असं केलं की चोवीस तासांचा पाऊस कधी सत्तावीस तासांचा होतो आणि कधी बावीस.

याच नियमातून दुसरं भांडण निघतं. बंगळुरूचा पाऊस बहुधा संध्याकाळचा. दिवसभर तापायचं, चारनंतर ढग चढायचे, ऑफिसं सुटायच्या वेळेला कोसळायचं आणि सिल्क बोर्डाचा चौक तुंबवायचा. सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस मंगळवारी सकाळी मोजला जातो आणि मंगळवारच्या तारखेला लिहिला जातो. ‘ताई, पाऊस तर काल पडला, मग आजच्या रकान्यात का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. त्याचं उत्तर असं, की ती तारीख मोजण्याची आहे, पडण्याची नाही. कुठून कुठपर्यंत मोजायचं हे आधी ठरवावं लागतं. ते निसर्ग ठरवून देत नाही, माणसं आपसांत ठरवतात आणि मग सगळ्यांनी पाळायचं असतं. बँकेचा दिवस, पंचांगाचा दिवस, वेधशाळेचा दिवस, तिन्ही वेगवेगळे. नवव्या-दहाव्या वर्षी हे कळलेलं मूल पुढे कुठलाही तक्ता वाचताना आधी ‘कधीपासून कधीपर्यंत?’ असं विचारतं. मोठी माणसंसुद्धा हा प्रश्न विचारायला विसरतात, वर्तमानपत्रवाले तर हमखास.

आता शून्याबद्दल. वहीचं नाव ज्यावरून आलं तो नियम हाच: रकाना कोरा ठेवायचा नाही. पाऊस पडला नाही तर ‘०’ लिहायचा. बघायला गेलोच नाही तर ‘×’ मारायचा. थेंब पडले, फरशी ओली झाली, पण पट्टीवर काही चढलं नाही, तर ‘थेंब’ लिहायचं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत या, आणि कोरा रकाना तिन्ही एकाच दारातून आत सोडतो. मुलांना वाटतं पाऊस नाही म्हणजे लिहायला काही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बंगळुरूत पाऊस नावालाच असतो. ओळीने पन्नास शून्यं लिहिताना पोरं कुरकुरतात, पालकही म्हणतात की पाऊस सुरू झाला की बघू. पण शून्य हे बघितल्याचं माप आहे. ‘×’ असलेला दिवस सरासरी काढताना भाजकातून वगळावा लागतो, ‘०’ असलेला दिवस वगळता येत नाही. एका महिन्यात सहा फुल्या असतील तर भागायचं कितीने, तीस की चोवीस? हा प्रश्न मी पदवीधरांना विचारलेला आहे. उत्तरं फार आशादायक नव्हती.

वेधशाळा तर याच्याही पुढे जाते. तिच्या हिशेबी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’. अडीचच का? कारण ते माप इंचाच्या काळातलं आहे: इंचाचा दहावा भाग म्हणजे २.५४. आमच्या शेजारच्या कोडगूमध्ये कॉफीच्या मळ्यांत आजही पाऊस इंच आणि सेंटमध्ये सांगतात. शंभर सेंटचा एक इंच. मार्चमधल्या पहिल्या सरीने कॉफी फुलते, तेव्हा तो पाऊस एक इंच होता की साठ सेंट यावर तिथे फोनवर फोन होतात. दशांश चिन्ह शिकवायला यापेक्षा चांगला प्रसंग मला ठाऊक नाही.

याच धाग्याने एक गंमत हाती लागते आणि ती मुलांना फार आवडते. २ जून २०२४ ला, रविवारी, बंगळुरूत १११.१ मिलिमीटर पाऊस झाला. सबंध जूनची सरासरी जेवढी आहे तेवढा एका दिवसात. त्याने जूनमधल्या एका दिवसाचा जुना विक्रम मोडला, तो होता १६ जून १८९१ चा, १०१.६ मिलिमीटर. मुलांना एवढंच सांगायचं की या १०१.६ ला २५.४ ने भागा. उत्तर येतं ४, वर काही नाही. बरोबर चार इंच. म्हणजे १८९१ मध्ये कुणीतरी कागदावर ‘४’ लिहिलं होतं. पुढे इंच गेले, मिलिमीटर आले, आणि त्या चाराचं १०१.६ झालं. मग मुलं बाकीच्या जुन्या आकड्यांच्या मागे लागतात. १८८४ चं ते ७.८ अंश फॅरनहाइटमध्ये करून बघितलं तर ४६ येतं. ४६ चं नेमकं रूपांतर ७.७७… म्हणजे पूर्णांकात घेतलेलं वाचन पुढे एका दशांशापर्यंत गोळाबेरीज करून लिहिलं असावं. दशांशाखालचा तो ८ आपल्याला वाटतो तितका काटेकोर नाही. दिसणारी अचूकता आणि खरी अचूकता यांतला हा फरक, त्रैराशिकाएवढ्या गणितात, सहावीतल्या मुलाच्या हाती येतो.

ढग, वारा, सावली यांचे रकाने सोपे आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहायचं. वेधशाळाही आठांशातच लिहिते. अपूर्णांक म्हणून पोळीचे तुकडे करून कंटाळलेल्या मुलांना तीन-अष्टमांश आकाश हा मोठा बदल वाटतो, आणि दोघांचा अंदाज क्वचितच जुळतो. आजी-आजोबा घरात असतील तर आठांशाला त्यांच्या काळचे दोन आणे म्हणता येईल. वाऱ्याच्या आठ दिशा म्हणजे पंचेचाळीस अंशांचे कोन, सोळा केल्या तर साडेबावीसचे. सावलीसाठी एक मीटरची सरळ काठी पुरते. बंगळुरूत २४-२५ एप्रिलला आणि १८ ऑगस्टच्या सुमाराला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. पुण्यातल्या मामेभावाकडे हेच मेच्या मध्यावर होतं. दोघांनी फोनवर तारखा जुळवल्या की अक्षांश म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

थर्मामीटरचा रकाना मात्र जपून. पूर्वेच्या बाल्कनीत, ग्रिलला टांगलेला थर्मामीटर एप्रिलमध्ये ४४ सुद्धा दाखवतो आणि मूल धावत येऊन सांगतं की शहराचा विक्रम मोडला. त्याला चूक म्हणू नये. त्याने उन्हात तापलेल्या काचेचं तापमान अगदी बरोबर मोजलेलं आहे. हवेचं मोजायचं असेल तर सावली हवी, चारी बाजूंनी वारा हवा, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंची हवी. वेधशाळेत यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते. ती तयार करणारा थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा अभियंता, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप. हे सांगितलं की पेटी लक्षात राहते. बंगळुरूत तापमान शून्याखाली जात नाही, म्हणून ऋण संख्या इथे कशा दिसणार असं कुणी विचारील. त्या ‘सरासरीपासून फरक’ या रकान्यात दिसतात. आजचं कमाल तापमान महिन्याच्या सरासरीहून दोनाने कमी: −२. महिनाभराचे असे सगळे फरक, अधिक-उणे धरून, बेरीज केले तर काय येतं? हे करून बघायला सांगावं, आधी उत्तर सांगू नये.

सरासरी हा शब्द मुलं लवकर शिकतात आणि मग ती सगळीकडे लावत सुटतात. तिला थोडं डळमळीत करायला बंगळुरूचा पाऊस कामाला येतो. २०२२ हे इथलं आजवरचं सर्वांत पावसाळी वर्ष, एकोणीसशे मिलिमीटरच्या वर. सरासरीच्या जवळपास दुप्पट. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला एका दिवसात १३१.६ मिलिमीटर झाला आणि आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांचे लोक ट्रॅक्टरमधून कामाला गेले. आता समजा नऊ वर्षं ९८० ची आणि एक वर्ष १९५० चं. सरासरी १०७७ येते. आणि दहांपैकी एकाही वर्षी १०७७ च्या आसपाससुद्धा पाऊस पडलेला नाही. मध्यक काढला तर तो ९८० वरच बसलेला. कुणाचं खरं मानायचं? ते कशासाठी विचारताय त्यावर ठरतं. नाल्याची रुंदी ठरवणाऱ्याला दोन्ही निरुपयोगी, त्याला १३१.६ हवा.

वर्षभराचा आलेख काढला की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती महाराष्ट्रातून आलेल्या पालकांनाच जास्त चकवते. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत, मधे जुलै-ऑगस्टचा डोंगर. बंगळुरूच्या आलेखाला मेमध्ये एक उंचवटा असतो, मग थोडा उतार, आणि खरं शिखर सप्टेंबर-ऑक्टोबरात. कन्नड शेतकरी पावसाची नक्षत्रं अश्विनीपासून, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मोजतो: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मग आपलं मृग. आपल्या मराठी मुलांनी घरातलं पंचांग आणि खालच्या भाजीवाल्या अज्जीचं पंचांग असे दोन्ही हिशेब वहीत ठेवावेत. ३६५ ला २७ ने भागलं की एका नक्षत्राच्या वाट्याला साडेतेरा दिवस येतात. त्या गठ्ठ्यांनी पाऊस मांडला तर महिन्यांच्या गठ्ठ्यांपेक्षा वेगळं चित्र दिसतं. आकडे तेच, गठ्ठे बदलले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोठारापुढे हातभर रुंदीचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे आणि अश्मकाला किती, अवंतीला किती, असे प्रदेशवार आकडे दिले आहेत. अश्मक म्हणजे आपला गोदावरीकाठ. हे मुलांना सांगावं, पण ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या सुरात नको. सारा किती येईल हे राजाला आधी कळायला हवं होतं, म्हणून तो मोजत होता.

बंगळुरूचे पालक व्यवहारी आहेत. ‘याचा उपयोग काय’ हे ते विचारतातच. त्यांच्यासाठी एक हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. इथली ठरलेली जागा थर्टी-फॉर्टी, बाराशे चौरस फूट, म्हणजे सुमारे १११.५ चौरस मीटर. २ जून २०२४ च्या त्या रविवारी अशा प्रत्येक साइटवर १२,४०० लिटरच्या आसपास पाणी आभाळातून पडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये शहरात टँकरसाठी मारामार होती आणि जिल्हा प्रशासनाने दर ठरवून दिले होते: १२,००० लिटरचा टँकर, पाच किलोमीटरच्या आत, हजार रुपये. तीन महिन्यांच्या अंतराने एकाच घरावरचे हे दोन आकडे आहेत. छतावरून वाहून, उडून, मुरून किती कमी होतं, टाकी केवढी लागेल, किती दिवस पुरेल, हे शेकडेवारीचं गणित मुलं आपणहून करतात, कारण मार्चमध्ये बादलीने अंघोळ त्यांनीच केलेली असते.

‘फोनवर सगळं दिसतं, मग बाटली कशाला?’ हाही प्रश्न ठरलेला. फोनवरचा आकडा बहुधा अंदाजाचा असतो, आणि काही किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनासाठी मिळून एक. बंगळुरूचा पाऊस जयनगरात धो धो आणि येलहंक्यात रस्ता कोरडा, असा. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने राज्यभर हजारो स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले ते याचसाठी, आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेलं ‘मेघ संदेश’ हे अ‍ॅप शहरातल्या वेगवेगळ्या भागांचा पाऊस वेगवेगळा दाखवतं. मुलांनी आपला आकडा जवळच्या केंद्राशी ताडून बघावा. जुळला नाही तर कुणाचं चुकलं हे लगेच ठरवू नये. दोन्ही बरोबर असू शकतात. फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. तो ‘७० टक्के शक्यता’ म्हणतो ते दिवस वहीत वेगळे टिपून ठेवायचे. असे वीस दिवस जमले की त्यांतल्या कितींत पाऊस पडला ते मोजायचं. चौदाच्या जवळपास आला तर फोन खरं बोलतो. संभाव्यता शिकवायला फासे आणि नाणी लागतात असा आपला उगाच समज आहे.

या शहरात हे काम मोठ्या माणसांनी कसं केलं, याचीही मुलांना ओळख हवी. सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. १९७० मध्ये त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळवली, आणि परतल्यावर १९७३ पासून त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनवर काम करत राहिल्या. डी. आर. सिक्का यांच्याबरोबरचा त्यांचा १९८० चा शोधनिबंध जगभर गाजला. त्यामागचं मूळ काम काय होतं, तर उपग्रहाची चित्रं एकेका दिवसाची घ्यायची आणि ढगांचा पट्टा आज कोणत्या अक्षांशावर आहे ते टिपायचं. रोज, हंगामामागून हंगाम. त्या टिपणांतून दिसलं की पट्टा समुद्रावरून उत्तरेला सरकतो, जमिनीवर येतो, विरतो, आणि पुन्हा दक्षिणेकडून नवा येतो. तारीख आणि एक आकडा, म्हणजे आपल्याच वहीचा रकाना. पुढे त्यांनी पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून, पावसाच्या जुन्या नोंदी आणि त्यांचा अनुभव एकत्र मांडून, पेरणी केव्हा केली तर धोका कमी हे शोधलं. त्यांचा मुलगा सिद्धार्थ गणिती. मान्सून आणि देशाचं उत्पन्न यांवर मायलेकांनी मिळून २००६ मध्ये लेख लिहिला. घरातलं हवामान आणि गणित असं एका कागदावर आलं.

दुसऱ्या अ‍ॅना मणी. केरळात जन्मलेल्या, बंगळुरूत रामन यांच्या हाताखाली तयार झालेल्या, आणि १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात. तिथे शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे पर्जन्यमापक कुठेही बनला तरी माप एकच. निवृत्तीनंतर त्या पुन्हा बंगळुरूत आल्या आणि देशभरातल्या सूर्यप्रकाशाच्या नि वाऱ्याच्या मापांचे जाडजूड ग्रंथ केले. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेलं परवडलं, असा त्यांचा कटाक्ष असे. त्यांचं नाव मुलींच्या कानावर मुद्दाम घालावं.

शिक्षकांना दोन शब्द. या वहीने पाढे पाठ होणार नाहीत. ते वेगळे करावे लागतील, आणि पाढे येत नसतील तर ही वहीही रडतखडत चालेल. सुरुवातीचा उत्साह तीन आठवडे टिकतो, मग गळती लागते. तिच्यावर मला सापडलेला एकच उपाय आहे: वही एकट्याची न ठेवता दोघा-तिघांची ठेवावी, म्हणजे एक गावाला गेला तरी ‘×’ येत नाही. वहीला गुण देऊ नयेत. गुण आले की आकडे सुंदर होऊ लागतात. सगळ्यांच्या बाटल्यांत एकच पाऊस पडतो. तो दिवस आला की समजावं, मुलं आता एकमेकांकडे बघून लिहितायत. आणि आकडा चमत्कारिक वाटला तरी आपण दुरुस्त करू नये. शेजारी प्रश्नचिन्ह घालून पुढच्या रविवारी चर्चेला ठेवावा.

लिहायला पेन वापरायचं, पेन्सिल आणि खोडरबर नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला नवा आकडा आणि सही. पहिल्या पानावर बाटली कुठे ठेवली, किती उंचीवर, आजूबाजूला झाड किंवा भिंत किती अंतरावर, हे चित्र काढून लिहायचं आहे. झाड जितकं उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीची चावी सेक्रेटरींकडून आधीच मागून ठेवावी, हे काम पाऊस आल्यावर होत नाही. वही कोणत्याही तारखेला सुरू करता येते. जूनची वाट बघायची गरज नाही.